गोड्या पाण्यानं धुतलेला फोन

उल्जिन, सात एप्रिल

प्रिय हेरिन,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटलं असेल, आईचं काही बरंवाईट झालं. म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. आई जिवंत आहे, तिला कुठे लागलं-खुपलं नाही. आत्ता या घडीला ती अंगणात बसून वाळत घातलेल्या शेवाळावरचे पक्षी हाकलते आहे आणि त्यांना माझ्या नावानं शिव्या देते आहे. तीन आठवडे तुझ्या मेसेजना उत्तर गेलं नाही, कारण तिचा फोन समुद्राच्या पाण्यात भिजला. एवढंच लिहून पत्र संपवता आलं असतं, पण मग पाकीट-तिकिटाचा खटाटोप कशाला केला असता? तीन वर्षांत मी तुला एक अक्षर लिहिलं नाही. आता लिहितोय ते वाचून तू पुढची तीस वर्षं माझं तोंड बघणार नाहीस, अशी मला धास्ती आहे. तरी सगळं वाच. फाडायचंच असेल तर शेवटी फाड.

मार्चच्या मधल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारी मी मागच्या पडवीत जुना पंप उघडून बसलो होतो. पाणी प्यायला आत आलो तर आई घरात नाही. खिळ्याला टांगलेला तिचा पाण्याखालचा चष्मा नाही, खुरपं नाही, जाळीची पिशवी नाही. कान पार गेल्यावर डॉक्टरनं तिचं समुद्रात बुड्या मारून शिंपले-शेवाळ काढणं बंद केलं, त्याला चार वर्षं झाली. मी धावलो, म्हणजे या गुडघ्यांनी जेवढं धावता येतं तेवढं. ती आपल्या नेहमीच्या कातळापाशी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून कातळ खरवडत होती. आता तूच सांग, कातळ कधी खरवडतात? ऑक्टोबर-नोव्हेंबरात, शेवाळाचं बी धरावं म्हणून. मार्चमध्ये त्यावर हातभर शेवाळ डोलत असतं. ती उभं पीक खरवडून पाण्यात सोडत होती आणि वरून शेजारची बुनीमावशी छाती पिटत ओरडत होती, "अगं बये, सगळ्या गावाचं आहे ते, तुझ्या बापाचं नव्हे!" आईला ऐकू येतंय कुठे! मी पाण्यात शिरून तिचा दंड धरला तर माझ्यावरच डाफरली, "भर कामात काय ओढता? एवढा कातळ आज व्हायला हवा. पोरगी शाळेतून यायची झाली."

घरी आणून तिचे कपडे बदलले, फरशीखालचं गरम पाणी सोडून जमिनीची ऊब वाढवली आणि आल्याचा चहा टाकायला आत गेलो. तेवढ्यात ती अंगणातल्या नळाखाली बसली. चष्मा धुतला, खुरपं धुतलं, पिशवी खळखळून धुतली. समुद्रातून आलेली वस्तू गोड्या पाण्यातून काढल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही, हा तिचा पन्नास वर्षांचा कायदा. तुझे शाळेचे बूटसुद्धा ती असेच धुवायची आणि तू ओल्या बुटांनी शाळेत जायचीस. मी खिडकीतून बघत होतो. बरं वाटलं मला. म्हटलं, एवढं तरी शाबूत आहे. फोन तिच्या बंडीच्या खिशात होता हे माझ्या ध्यानातही आलं नाही. आलं तेव्हा ऊन उतरलं होतं आणि खिसा रिकामा होता.

मग दोन दिवस मी त्या कातळावर ओणवा होऊन फटी चाचपत होतो. बुनीमावशी म्हणाली, "एका फोनसाठी एवढा जीव टाकतोय म्हातारा! नवा घे की." मी म्हटलं, नवा नको. तिला कारण ठाऊक होतं, तरी तिनं तोंड वाकडं केलंच. तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीतल्या उबदार कोपऱ्यातली दुलई उचलली तर तुझ्या भाताच्या वाडग्याशेजारी टॉवेलात गुंडाळलेला फोन. आईनं तोही धुतला होता, पुसला होता आणि उबेला ठेवला होता. खालून जमीन तापलेली, वरून दुलई. पाठ टम्म फुगली होती त्याची.

तुझं वाडगं म्हणजे काय, ते तुला ठाऊक नाही. तू गेलीस त्या दिवसापासून आई रोज पहिला भात तुझ्या वाडग्यात काढते, झाकण घालते आणि दुलईखाली ठेवते. मी माकूळ धरणाऱ्या बोटींवर होतो तेव्हा माझी आई माझ्यासाठी असाच ठेवायची. बाहेर गेलेलं माणूस आल्यावर त्याला गार भात लागू नये. दुसऱ्या दिवशी तो भात आई माझ्यापुढे आदळते, "खा. तुमच्यामुळे उरलाय." तीन वर्षं मी तुझ्या वाट्याचा शिळा भात खातोय आणि कुरकुर करायला मला जागा नाही.

फोन सापडल्यावर मी काय केलं? तर बुनीमावशीनं सांगितलं, "तांदळात पूर, तांदूळ पाणी ओढतात." मी पुरला. दोन दिवस पुरला. मध्ये एकदा धीर निघेना म्हणून उपसून चार्जरला लावला, तर चर्र आवाज आला आणि जळका वास. घाबरून परत पुरला. आणि हा कोण माणूस? चाळीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केलेला. समुद्रात पडलेलं इंजिन आधी गोड्या पाण्यानं धू, सुरू करायची घाई करू नकोस, मीठ काढ, मग पुढचं, हे बंदरातल्या प्रत्येक नव्या मिस्त्रीला कान पिळून शिकवणारा. घरातल्या फोनवर वेळ आली तेव्हा सगळी अक्कल गहाण पडली.

बाजारात बसस्टँडमागे, सुक्या मासळीच्या ओळीत, चो युजू नावाच्या बाईचं फोन दुरुस्तीचं दुकान आहे. चाळिशीची असेल. बोलायला फटकळ. मी फोन पुढे ठेवला तशी तिनं चिमट्यानं चार्जरच्या भोकातून तांदळाचा दाणा काढला आणि माझ्यासमोर धरला. "आजोबा, हा दुरुस्त करायचाय की शिजवायचाय?" शेजारची मासळीवाली खो खो हसली. समुद्राचं पाणी म्हटल्यावर युजूनं मान हलवली. म्हणाली, मिठानं आतलं सगळं खाल्लं असणार, आशा ठेवू नका. तिनं फोन उघडला, भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हा धुतला कुणी?" मी म्हटलं, माझ्या बायकोनं. तिला हल्ली काही कळत नाही हो, सवयीनं धुतला. त्यावर ती माझ्यावरच उखडली. "कळत नाही कसं? तिनं लगेच धुतला म्हणून यात जीव उरलाय. घरी जाऊन तिचे पाय धरा. उबेला ठेवायला नको होता, तेवढं सोडा. पुढचं तांदूळ आणि चार्जर, ते सगळे तुमचे प्रताप."

तिनं विचारलं, "आतलं काय वाचवायचंय? फोटो? बँकेचं काही?" माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी मुलगी आहे आत." तिनं भिंग खाली ठेवलं. मला एक स्टूल सरकवलं. जे तुला सांगायला मला दीड वर्ष जमलं नाही ते त्या परक्या बाईला, वाळलेल्या माशांच्या वासात बसून, मी सगळं सांगितलं. आता तुला सांगतो.

आईला विसरण्याचा आजार झाला आहे, हेरिन. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात कळलं. आधी ती मीठ दोनदा घालायची, मग घालायचीच नाही. मग एकदा बाजारातून घराकडे यायचं सोडून माहेरच्या गावी जाणाऱ्या बसमध्ये बसली. डॉक्टर म्हणाले, हा हळूहळू वाढत जाईल. मला ती बहुतेक वेळा ओळखते. कधी कधी "तुमचे मालक घरी आहेत का?" असं मलाच विचारते. तुला कळवायला हवं होतं हे कळत होतं. पण मी कळवायचं म्हणजे तुझ्याशी बोलायचं, आणि मी तर तुला या दारात पाय ठेवू नकोस म्हणालो होतो. लग्न मोडलेला, तुझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, पियानोच्या तारा पिळून पोट भरणारा माणूस माझ्या मुलीला मिळावा याचा मला केवढा राग आला होता! आयुष्यभर हात काळे करून नटबोल्ट पिळणारा मी, आणि मला लाज वाटली ती त्याच्या पिळण्याची.

आणि मग एक दिवस आईच्या फोनवर तुझा मेसेज आला, "आई, जेवलीस का?" तिनं फोन हातात घेतला, उलटसुलट केला आणि माझ्याकडे दिला, "हे काय वाजतंय बघा." तिला तुझं नाव वाचता आलं नाही. मी बघत राहिलो. तू वाट बघत असशील असं वाटलं. मी लिहिलं, "जेवले. तू?"

एवढंच, हेरिन. एवढ्यावरच थांबायचं होतं मला. पण तू लगेच काय जेवलीस ते लिहिलंस, सोबत मुळ्याच्या किमचीचा फोटो पाठवलास, तिखट कमी पडलं म्हणालीस. मी तिखट किती घालायचं ते बुनीमावशीला विचारून लिहिलं. दुसऱ्या दिवशी तू आणखी काही विचारलंस. दीड वर्षं तुझ्याशी बोलली ती आई नव्हती, मी होतो. तू आईला भेटायला सोलला बोलावलंस तेव्हा गुडघे दुखतात असं लिहिणारा मी. व्हिडिओ कॉल लाव म्हणालीस तेव्हा कॅमेरा बिघडलाय म्हणणारा मीच. खोटं बोलावं पण रेटून बोलावं म्हणतात ना, तसं रेटलं. ऐकू येत नसल्यामुळे आई फोनवर बोलत नाही हे तुला माहीत होतं, त्यामुळे माझं आयतंच फावलं. बुनीमावशी म्हणायची, "तुझ्या बोटांना किडे पडतील." मी म्हणायचो, पडू देत, पण आज तिनं काय लिहिलंय ते आधी बघू दे.

तू आईला माझ्याबद्दल जे लिहिलंस ते सगळं मी वाचलं आहे. "बाबांचं ब्लडप्रेशर कसं आहे? मी विचारलं म्हणून सांगू नकोस." मी लिहिलं, "म्हातारा बरा आहे. गाढव आहे, पण बरा आहे." तू हसणारी सात तोंडं पाठवलीस. मी ती मोजली. मग एकदा तू लिहिलंस की लग्नात बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत सगळे विधी उरकले, फोटोत ती खुर्ची आहे म्हणून तो फोटो भिंतीवर लावता येत नाही. दोन तासांनी लिहिलं, "त्यानं त्या दिवशी सूट घातला होता. बसस्टँडपर्यंत गेला आणि परत आला." तू विचारलंस, "तुला कसं कळलं? तू तर माझ्याजवळ होतीस." चोराच्या मनात चांदणं! बुनीनं सांगितलं, असं लिहिलं. बुनीनं काही बघितलं नव्हतं. सूट खरा होता, बसही समोर उभी होती. कंडक्टरनं दोनदा विचारलं, येताय का? मी नाही म्हटलं.

आणखी एक मेसेज मला पाठ आहे. "आई, म्हातारपणी तू किती मऊ झालीस गं. पूर्वी नुसतं 'जेव' आणि 'झोप' लिहायचीस. आता तुझ्याशी बोलावंसं वाटतं." तो वाचून मी पडवीत जाऊन बसलो. मला आनंद झाला होता आणि त्याची शरमही वाटत होती. आईचं नाव लावल्याशिवाय मला तुझ्याशी मऊ बोलता येत नव्हतं. आणि तिच्या नावावर तुझी माया मी दीड वर्ष खाल्ली. तुझा आणि तिचा तो वेळ होता, तिला थोडंफार कळत होतं तेव्हाचा. तू धावत आली असतीस. तिनं तुला ओळखलं असतं. हे मी तुझ्यापासून चोरलं, याची माफी कशी मागतात ते मला येत नाही.

युजूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजोबा, फोन मी करीन. बाकीचं तुमचं तुम्ही उघडा, साफ करा. झाकून ठेवलं की आतून सडतं, हे तुम्हा मिस्त्री लोकांना काय सांगायचं?" नऊ दिवस तिनं तो फोन ब्रशनं घासला, औषधात बुडवला, वाळवला, नवी बॅटरी घातली. मी एक दिवसाआड बसनं जायचो. कातळावरच्या प्रकारापासून आईला एकटं सोडत नाही; पहिल्या दिवशी तिच्याजवळ बुनीमावशी बसली होती, पुढे मात्र तीही बरोबर असायची. ती मासळीवालीशेजारी बसून मासे निवडायची आणि लोक तिलाच भाव विचारायचे. दहाव्या दिवशी फोन सुरू झाला. कंपनीचं चिन्ह आलं, दुकानातले आम्ही तिघं-चौघं त्यावर ओणवे झालो, आणि मग तुझे मेसेज आले. एकामागून एक, अकरा. आई कुठे आहेस. आई उत्तर दे. आई मी घाबरलेय. बाबांना फोन करू का? आणि शेवटचा.

तो मी उघडला नाही. बंद पडद्यावर वरवर जेवढा दिसला तेवढाच वाचला. तुला सातवा महिना आहे. आधी एकदा गेलं होतं म्हणून या खेपेला कुणाला सांगितलं नव्हतं. जूनच्या अखेरीला बाळ येईल. "आई, तू येशील ना? बाळंतिणीचं शेवाळाचं सूप मला तुझ्याच हातचं हवं. गुडघे दुखत असले तरी ये."

आधी एकदा गेलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवसांत मी तुला काय लिहीत होतो ते आठवायचा प्रयत्न केला. बहुतेक तिखटाबद्दलच लिहीत होतो.

आठ दिवस झाले, फोन माझ्यापुढे आहे आणि नीट चालतो आहे. "हो, येईन" असं लिहायला किती वेळ लागतो? बोट दोनदा तिथवर गेलं. पण इतके दिवस रेटलेलं खोटं जूनमध्ये तुझ्या दारात येऊन उभं राहिलं असतं, आणि तेही तू बाळंतीण असताना.

परवा कातळावरचं शेवाळ कापून आणलं. खरवडून गेलं त्याची भरपाई म्हणून आमच्या वाट्यातला मोठा भाग गावाला दिला. उरलेलं अंगणात चौकटींवर पसरत होतो. मी आईच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "हेरिनला बाळ होणार आहे!" तिनं विचारलं, "कुणाला?" मी पुन्हा ओरडलो, "हेरिनला!" तिनं मान हलवली, परक्या माणसाची बातमी ऐकून हलवतात तशी. मी कामाला लागलो. एक लांबलचक पात चौकटीत मावेना, म्हणून मी ती दुमडायला गेलो, तर आईनं फाडकन माझ्या हातावर चापट मारली. "बाळंतिणीचं आहे ना? मग मोडता काय? अशुभ माणूस!" आणि तिनं स्वतः दोन चौकटी जोडून ती पात लांबच्या लांब सरळ पसरली, कुठे चुणी पडू दिली नाही. मग अशाच आणखी सहा निवडल्या. बाळंतिणीचं शेवाळ मोडायचं नाही, कापायचं नाही, म्हणजे सुटका सरळ होते. तुझं नाव तिला आठवत नाही पण तुझं बाळंतपण तिच्या हातांना कळलं आहे. त्या सात पाती वाळताहेत आणि पक्ष्यांची काय बिशाद आहे जवळ येण्याची!

तर हे पत्र कशासाठी, ते ऐक. तुझ्या त्या मेसेजशेजारी तुझ्याकडे अजून तो बारीकसा १ दिसत असेल, कुणी वाचला नाही म्हणून. पत्र तुझ्याकडे पोचायला तीन दिवस धरतो. येत्या रविवारी दुपारी बारा वाजता, आईला जेवायला वाढून झालं की, मी तो मेसेज उघडीन. १ पुसला जाईल तेव्हा तो आईनं वाचलेला नाही, तुझ्या बापानं वाचला आहे, हे तुला आधी माहीत असायला हवं होतं. त्यानंतर मला हाकलून द्यायचं असेल तर दे, पण आईला बघायला ये. लवकर ये, उशीर करू नकोस. आणि जूनमध्ये तू बोलाव अगर न बोलाव, मी तिला घेऊन सोलला येणार आहे. शेवाळ बसमध्ये उभं धरून आणीन, मोडू देणार नाही. सूप करायला बुनीमावशी शिकवते आहे, तीनदा खारट झालं, चौथ्यांदा आईनं वाटी पुसून खाल्लं. दार उघडलं नाहीस तर पातेलं बाहेर ठेवीन आणि जिन्यात बसून राहीन. या खेपेला बसस्टँडवरून परत फिरणार नाही.

तुझाच,
खुर्ची रिकामी ठेवणारा
बाबा